डाव्या हातानं धरलेला सूर

गळ्यातली गाठ काढली आणि माझा आवाज गेला. हळूहळू येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. आली ती नुसती घरघर; दोन शब्द निघतात आणि तिसऱ्याला हवाच उरते. केजच्या बाजारात आमचं कापडाचं दुकान आहे. एरवी माझं बोलणं ताग्यापेक्षा लांब, असं आमचे हे गिऱ्हाइकांना सांगायचे. पण बोलणं गेल्याचं मला एवढं वाटलं नाही. दर सोमवारी सांजेला महादेवाच्या देवळात मी आईनं शिकवलेलं एक पद म्हणायची, आणि ते ऐकल्याशिवाय बाया उठायच्या नाहीत. ते पद गेलं. मी देवळात जाणंच सोडलं. ज्यानं तोंड बंद केलं त्याच्यापुढे काय म्हणून उभं राहायचं, असा माझा राग होता, आणि रागाच्या खाली नुसती ओढ. पद आत फिरत राहायचं, त्याला बाहेर यायला वाट नव्हती.

एका सकाळी पूजेला बसले आणि रडू फुटलं. म्हटलं, आवाज दे, नाहीतर ही ओढ तरी काढून घे. त्याच दुपारी दुकानात एक अनोळखी बाई पडद्याचं कापड बघायला आल्या. त्या मार्थाताई. शहरात पियानो शिकवण्यात त्यांचा जन्म गेलेला, आता परत माहेरी, केजला भावाकडे राहायला आलेल्या. कापड बघता बघता त्या माझ्या बोटांकडे बघायला लागल्या. माझी बोटं फळीवर पद वाजवत होती आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. गाणं आहे का ते, त्यांनी विचारलं. मी मान डोलावली आणि गळ्यावरचा व्रण दाखवला. मग घरी या माझ्या, एवढं म्हणाल्या आणि कापड घ्यायचं विसरूनच गेल्या.

पन्नाशीला टेकलेली बाई पियानो शिकणार म्हटल्यावर घरात सगळे हसले. मीही हसले, पण गेले. त्यांचा पियानो विजेवर चालणारा होता. मला वाटलं, आधी पुस्तक उघडतील. त्यांनी विचारलं, तुम्हाला काय वाजवायचंय? महादेवाचं पद, मी कसंबसं म्हटलं. त्यांनी ते कधी ऐकलेलं नव्हतं आणि मला म्हणून दाखवता येत नव्हतं. त्या शेजारी बसून राहिल्या आणि मी एका बोटानं पट्ट्या चाचपत राहिले. चुकले तर त्या बोलायच्या नाहीत. सापडला सूर की गालात हसायच्या. अशानं उजव्या हाताला पद सापडत गेलं.

डावा हात मात्र हटून बसला. त्याला पट्टीवर ठेवलं की थोड्या वेळानं तो मांडीवर येऊन उताणा पडायचा, बोटं जवळ घेऊन. माझीच मला लाज वाटायची. एक दिवस मार्थाताईंनी तो हात आपल्या हातात घेतला आणि असा का राहतो म्हणून विचारलं. मग मी गळ्यातलं इष्टलिंग दाखवलं. आम्ही लिंगायत; लहानपणी दीक्षा झाल्यापासून रोज पूजेत ते डाव्या तळहातावर घ्यायचं, तो हात हलू द्यायचा नाही. विभूती, बेल, सगळं उजव्या हातानं.

मार्थाताईंनी माझा तळहात तसाच उताणा राहू दिला. मग म्हणाल्या, "मंग त्या हाताला पळायला कशाला लावू मी? त्येला धरून ऱ्हायाचं ठावं हाय. त्येनं एक सूर धरावा. पूजा उजवा करील."

त्यांनी माझा डावा हात षड्जावर ठेवला. सूर विरत आला की पुन्हा हलकेच दाबायचा, बाकी काही नाही. त्यावर उजव्यानं पद चालू केलं आणि ते पहिल्यांदा उभं राहिलं. माझे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

पुढच्या एका सोमवारी मार्थाताईंच्याच सांगण्यावरून ह्यांनी तो पियानो देवळात नेऊन ठेवला. बाया नेहमीच्या जागी बसल्या होत्या, मार्थाताई त्यांच्यातच. मी वाजवायला लागले. पहिली ओळ नुसतीच गेली. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि मला वाटलं, उगाच आले. तेवढ्यात शेजारच्या काशीकाकूंनी पद उचललं, मग दुसरीनं, मग सगळ्यांनी. वर्षानुवर्षं ज्या नुसत्या ऐकत बसायच्या, त्यांना शब्द न् शब्द पाठ होता. मी समजत होते, पद माझं आहे. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात सोडून ते पुसता येत नव्हतं.

झाल्यावर काशीकाकू म्हणाल्या, "तू म्हनायचीस म्हनून आमी गप ऱ्हायचो गं."

ह्याला कृपा म्हणायचं की योगायोग, ते मी कुणाला पटवत बसत नाही. आवाज आलेला नाही. ओढही गेली नाही. दोन्हींतलं एकही मागणं त्यानं ऐकलं नाही. मी अजून मागते, रोज मागते. दिलं तरी त्याचं, नाही दिलं तरी त्याचंच. तोवर बाया गातात आणि मी सूर धरते.