बदरुन्निसाची सहा बोळकी

जालन्यात लग्न कुणाचंही असो, मटणाच्या खलियाबरोबरचे नान लालमियाँच्या भट्टीतलेच हवेत, असा निजामाच्या अमदानीत रिवाजच पडून गेला होता. नाव लालमियाँचं आणि कसब बायकोचं, हे अख्ख्या मोहल्ल्याला ठाऊक होतं. फक्त लालमियाँच्या तोंडावर तसं म्हणायची कुणाची छाती नव्हती. नानाचं पीठ फुगवणारं खमीर बदरुन्निसा सांभाळायची. आजच्या खमीरातला एक गोळा उद्यासाठी मडक्यात राखायचा आणि बडीशेपेच्या पाण्यात नवं पीठ कालवून त्याला खाऊ घालायचं. लालमियाँच्या आजोबांपासून ते मडकं एक दिवसही रिकामं पडलं नव्हतं.

ताहेरा हसनाबादहून सून होऊन आली आणि तिसऱ्या दिवशी ते खमीर मेलं.

मेलं म्हणजे मेलंच. ना बुडबुडा, ना आंबूस वास. नान निघाले ते चामड्यासारखे, आणि भर पंगतीत लालमियाँची मान खाली गेली. त्यांची बहीण खुर्शीद तर टपूनच बसली होती. सून सब्जकदम आहे, पांढऱ्या पायाची आहे, असं म्हणून ती मोकळी झाली. ताहेराचा नवरा बापापुढं ब्र काढणाऱ्यांतला नव्हता. शुक्रवारी नमाजानंतर तिला माहेरी पोचवायचं ठरलं. अशी गेलेली पोर पुन्हा बोलावली जात नाही, हे ताहेराला कुणी समजावून सांगायला नको होतं. तिनं मुकाट्यानं पेटी भरली.

या सगळ्यात बदरुन्निसा एक शब्द बोलली नाही. ताहेराला सर्वांत जास्त लागलं ते हेच.

गुरुवारी बदरुन्निसानं बदनापूरला बहिणीकडं माणूस धाडला. बहिणीच्याही घरी भट्टी होती आणि तिथलं खमीर वीस वर्षांपूर्वी याच मडक्यातून गेलेलं होतं. संध्याकाळच्या रेल्वेनं ओल्या फडक्यातला गोळा आला, चांगला फसफसता. आता मडकं भरलं जाणार असं सगळ्यांना वाटलं. बदरुन्निसानं मडक्याला हातही लावला नाही. शुक्रवारी दिवस उगवल्यावर तिनं अंगणात मातीची सहा बोळकी मांडली. सगळ्यांत सारखं पीठ, सारखं पाणी, बदनापूरच्या गोळ्यातलं सुपारीएवढं खमीर. पहिल्यात तेवढंच. दुसऱ्यात बडीशेप, तिसऱ्यात वेलची, चौथ्यात जायफळ. तिला अक्षरओळख नव्हती, म्हणून बोळक्यांवर कोळशाच्या रेघा ओढल्या. पाचव्यात लवंग-दालचिनीची पूड घालताना तिचा हात मधेच थांबला. ताहेरानं ते पाहिलं, पण त्याचा अर्थ तिला तेव्हा लागला नाही. सहाव्यातही नुसतंच पीठ आणि खमीर होतं. ते बोळकं बदरुन्निसानं सुनेपुढं सरकवलं.

"हे तू मळ. बाकीची माझ्या हातची हायेत. तुझ्यात काही असंल तर यात उतरंल."

म्हणजे हिलाही आपलाच शक आहे, असं वाटून ताहेराच्या डोळ्यांत पाणी आलं.

सहाही बोळकी भट्टीच्या उबेला एका रांगेत ठेवली. दुपारी नमाज आटोपून लालमियाँ आले, खुर्शीद आली, ताहेराला न्यायला दारात गाडीवान पुंजारामची बैलगाडी जुंपून उभी राहिली. बदरुन्निसा एकेक फडकं काढू लागली. पहिलं फुगलेलं, दुसरं त्याहून जास्त, तिसरं-चौथं थोडं कमी. पाचवं सोडून तिनं सहावं उघडलं. ताहेराच्या हातचं पीठ बोळक्याच्या काठावरून उतू चाललं होतं.

मग खमीर मेलं कशानं, असं लालमियाँनी विचारलं. बदरुन्निसानं पाचवं बोळकं उघडून पुढं धरलं. आत सकाळी ठेवला तसाच गोळा होता, वाटाण्याएवढाही वाढला नव्हता. मडक्यात लवंग-दालचिनी घातली कुणी, असं त्यांनी दरडावून विचारलं.

"मी," बदरुन्निसा म्हणाली. "सून घरात आली त्या दिवशी. नानाला खुशबू यावी म्हून मूठभर घातली. पोरीचा कसूर बिलकुल न्हाई."

हेच तिनं नुसतं तोंडानं सांगितलं असतं तर सुनेला पाठीशी घालते म्हणून खुर्शीदनं उडवून लावलं असतं. शिवाय खमीर त्यानंच मेलं हे बदरुन्निसाला स्वतःलाही नक्की ठाऊक नव्हतं, नुसता संशय होता. तो खरा निघाला तर उभ्या घरादारासमोर आपलंच नाक कापलं जाणार, हे जाणून तिनं ते बोळकं रांगेत ठेवलं. मोठमोठ्या विद्वानांना न जमणारी गोष्ट या निरक्षर बाईनं अंगणात बसून केली.

लालमियाँनी दाराकडं वळून पुंजारामला बैल सोडायला सांगितलं.

बदरुन्निसानं सहाव्या बोळक्यातलं खमीर मडक्यात घातलं आणि मडकं ताहेराच्या हाती दिलं. ते छातीशी धरून ताहेरानं हळूच विचारलं, अम्मा, तुम्हाला भीती नव्हती का?

"भ्याले होते ना," बदरुन्निसा म्हणाली. "म्हून तर पाचवं शेवटी उघडलं."