मिरालच्या सात पिढ्या

कत्तलीनंतर आमच्या सारिदाल देशात दहांतलं एक माणूस उरलं. तरी लग्नाचा रिवाज आम्ही सोडला नाही. वधूवरांनी लोकरीच्या पांढऱ्या नमद्यावर उभं राहून बापापासूनच्या सात पिढ्यांची नावं म्हणायची. एक जरी पूर्वज जुळला तर ती दोघं भावंडं, लग्न नाही. नमद्यावर उभं राहण्याआधी कुणी कुणाला कुळ विचारत नसे. कत्तलीत कुणाचं कोण गेलं ते उकरायची छातीच नव्हती.

तोक्तार हे नमदे करायचा. ओली लोकर दाबून दाबून त्याच्या कोपरांना घट्टे पडले होते. बोलणं कमी, आमच्या खाऱ्या चहात मीठ जास्त. कत्तलीच्या वर्षी तो दोन वर्षांची पोर घेऊन डोंगरातून उतरला. "वाटेत सापडली," एवढंच म्हणाला. तिला मिराल नाव दिलं आणि बाप होऊन वाढवलं.

ती सहा वर्षांची झाली तेव्हा तो माझ्याकडे आला. मी त्या काळी नाटकात राजे रंगवायचो.

"उस्ताद, पोरीला सात पिढ्या द्या."

"मी काय दुकान उघडलंय?"

"मेलेली माणसं तुम्ही रोज उठवता. सातांनी काय बिघडतंय?"

मी फुललो. सात नावं दिली, सगळी नाटकांतली. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, तेही शिकवलं. मग आणखी पोरकी मुलं आली. मी कुणाला नाही म्हटलं नाही. मला ते पुण्य वाटायचं.

मिरालचं लग्न सीमेपलीकडून परतलेल्या एरगेनशी ठरलं. नमद्यावर तिनं नावं म्हटली, थेट माझ्या ढंगात. बायका रडल्या, मी मान डोलावली. मग एरगेन म्हणू लागला. पाचवं नाव आलं, बुर्कान. तोक्तार उठला.

"थांबा! बुर्कान हिचाही आहे."

"तुला रे काय ठाऊक?" एरगेनची आजी कडाडली. "वाटेत सापडलेली ना ती?"

"माझ्या भावाची आहे." त्याची मान खाली. "शिपाई आले तेव्हा पोर माझ्या घरात होती. भाऊ-वहिनी दार ठोठावत होते. मी कडी काढली नाही."

मिराल नमद्यावरून उतरली. "बाबा..." म्हणाली आणि अडली. तोक्तार तिच्या खऱ्या सात पिढ्या सांगू लागला. पहिलं नाव भावाचं. ते त्याच्या तोंडून निघता निघेना. तिनं सगळी नावं ऐकून घेतली आणि माझ्याकडे वळली.

"उस्ताद, मग तुमचे ते सात कोण?"

"नाटकातले."

"मोठ्यानं बोल की!" आजी म्हणाली.

मी पुन्हा म्हणालो. अंगणात माझ्या नावांवर लग्नं झालेली चार जोडपी उभी होती. त्यांतल्या एकीनं कडेवरचं मूल आवळून धरलं.

"उस्ताद," ती म्हणाली, "मग आमचं काय?"