जुन्या पुलीचा आवाज

मी काही लिहावे इतका माझा अधिकार नाही. आमच्या घरात कॉलेजचा वार्षिकांक हातात घेणारा मीच पहिला, त्यात लिहिणे तर लांबच. भाषा कुठे अडखळली तर सांभाळून घ्यावे. सरांनी कामावरचा एखादा अनुभव मागितला, आणि मला पुन्हा पुन्हा एकच आठवला.

दसरा नुकताच झाला होता. लेले साहेबांनी शाफ्टची पेटी माझ्यासमोर आणून ठेवली. आम्ही कातून दिलेले सगळे जॉब कस्टमरकडून परत आले होते. "हात लावून बघ," ते म्हणाले. आरशासारखा हवा तो भाग कवठाच्या सालीसारखा खरखरीत लागत होता.

डिप्लोमा झाल्यावर मी पनवेलमधल्या त्यांच्या छोट्या वर्कशॉपमध्ये दिवसा काम करत होतो आणि संध्याकाळी इथे डिग्रीच्या वर्गाला येत होतो. वर्कशॉपमध्ये एक जुना लेथ, म्हणजे लोखंड कातायचे मशीन, होता. कॉम्प्युटरवर चालणारे नवे सीएनसी मशीन परवडत नाही, तेव्हा जुन्याच मशीनला कंट्रोलर बसवतात. त्याला रेट्रोफिट म्हणतात. अंग जुने, मेंदू नवा. कंट्रोलरच्या कंपनीकडून खोत नावाचे सर्व्हिस इंजिनिअर आले होते. त्यांच्या हाताखाली वायरिंग मी केले होते.

लेथवर दत्तूकाका होते. माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. उलव्याकडच्या आमच्या गावातून होडी सोडून कारखान्यात गेलेला पहिला माणूस. तरुणपणापासून ते त्याच एका मशीनवर होते. मला तिथे चिकटवले त्यांनीच.

साहेब दोघांनाही ऐकू जाईल असे म्हणाले, "शनिवारी कस्टमरचा माणूस बघायला येतोय. वायरिंग चुकलं असेल तर तू घरी. मशीनशी कोणी खेळलं असेल तर तो घरी." काका मशीन पुसत राहिले.

मी पॅनेल उघडले. कंट्रोलर स्पिंडलला, म्हणजे जॉब फिरवणाऱ्या दांड्याला, वेग सांगतो तो व्होल्टेजमधून. दहा व्होल्ट म्हणजे पूर्ण वेग, पाच म्हणजे निम्मा. हा निरोप ड्राइव्ह नावाच्या डब्याकडे जातो आणि ड्राइव्ह मोटर फिरवतो. निरोपाची तार नाजूक असते. मोटरच्या केबलशेजारून गेली तर तिच्यात गडबड शिरते. मी घाईत ती तशीच नेली होती. तार वेगळी काढली, तिच्यावरच्या जाळीचे अर्थिंग तपासले, स्क्रू आवळले. जॉब लावला. पुन्हा कवठ.

मग मीटर लावला. मशीनचा पूर्ण वेग मिनिटाला दोन हजार फेरे. हजार मागितले की पाच व्होल्ट, बरोबर. ड्राइव्हचा आकडाही बरोबर. स्क्रीनवर हजार. सगळेच बरोबर म्हणत होते आणि जॉब मात्र खराब येत होता.

खोतांना फोन केला. ते म्हणाले, "लेका, स्क्रीनवर काय विश्वास ठेवतोस? तो मागितलेला वेग दाखवतो, मिळालेला नाही. खरा वेग मोज."

कॉलेजच्या लॅबमधून टॅकोमीटर मागून आणला. फिरत्या दांड्याला टेकवला की तो खरा वेग सांगतो. हजारला आठशे आले. वेग कमी पडला की जॉब खरखरीत निघतो. पाचशेला चारशे. प्रत्येक वेळी पाचवा हिस्सा कमी, आणि आकडा जरासुद्धा हलत नव्हता. तारेतली गडबड असती तर आकडा नाचला असता. म्हणजे चूक मोटर आणि स्पिंडलच्या मध्ये होती. तिथे असतात फक्त पट्टा आणि पुली.

मी पट्ट्यावरच्या झाकणाचे, गार्डचे, बोल्ट सोडायला घेतले तेव्हा काका जवळ आले आणि माझ्या हातावर हात ठेवून उभे राहिले. पण अडवले नाही.

आत खोतांनी बसवलेली अ‍ॅल्युमिनियमची पुली नव्हती. जुनी, बिडाची, जड पुली होती, नवीपेक्षा मोठी, म्हणून स्पिंडल हळू फिरत होता. तिच्यावर हळद-कुंकू वाळले होते.

आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मेन स्विच बंद असतो. ज्याचे मशीन त्यानेच ते खोलायचे, धुवायचे, तेल द्यायचे, पुजायचे. त्या दिवशी दुसऱ्याने हात लावायचा नाही. त्या दिवशी काकांनी पुली बदलली होती.

"का काका?"

"नवी लावली आन ती मुकी झाली रं बाला. आमी तिच्या आवाजावं हात चालवतो. इचारलं आसतं त कोनी लावून दिली आसती का?" मग म्हणाले, "पन ही लावून पन तो आवाज नाय आला. कायतरी कमीच वाटतंय."

नवी पुली बसवणे सोपे होते. पण काकांनी ती स्टोअरमध्ये जुन्या पुलीच्या जागी ठेवली होती; मागायला गेलो असतो तर साहेबांनी "का?" म्हणून विचारले असते. काकांच्या नोकरीची शेवटची वर्षे होती. मी गार्डकडे पाहिले, मग कंट्रोलरकडे. दहा व्होल्ट म्हणजे किती वेग, हे सांगणारे एक सेटिंग असते. मी तिथे दोन हजारचे सोळाशे केले. आमच्या जॉबला त्याहून जास्त वेग कधीच लागत नव्हता.

हजार मागितले. टॅकोमीटर हजार म्हणाला. आणि मशीनमधून एक खालचा, भरलेला घुमारा आला. काकांनी मान वर केली.

"हा," ते म्हणाले. "ह्योच."

शनिवारी शाफ्ट पास झाले. साहेबांनी विचारले, काय होते? मी म्हटले, "सर, सेटिंग." ते म्हणाले, "मग इतके दिवस काय झोपला होतास?" आणि चहा सांगितला.

पुढच्या वर्षी काम आटले आणि वर्कशॉप बंद झाले. काका हिशेब घ्यायला गेले तोवर दलालाने मशीन उचलले होते. जमिनीतून फाउंडेशनचे बोल्ट तेवढे वर आले होते. मशीन कोणी घेतले, साहेबांनाही ठाऊक नव्हते. आता काका खाडीच्या बांधावर जाळी शिवत बसतात. मी गेलो की आधी मला पाणी देतात, मग विचारतात, "तिचा कय पत्ता?" मी नाही म्हणतो. त्यांच्या शेजारी बसलो की मलाही तो घुमारा हवासा होतो. परीक्षेचा अभ्यास करताना कुठे पंप सुरू झाला तरी मी कान देतो, आणि तो आवाज तो नसतो.

या धंद्यात शिकलो ते एवढेच: आकडा नाचत असेल तर तार बघा, आकडा एकाच प्रमाणात चुकत असेल तर पट्टा आणि पुली बघा. पुली कोणी का बदलली, ते मीटरवर कळत नाही.

खोतांना मी अधूनमधून फोन करतो. ते हसतात, "मशीन शोधतोयस की बायको?" गेल्या आठवड्यात त्यांचाच फोन माझ्यासाठी शेजाऱ्यांकडे आला. सांगलीकडे एका वर्कशॉपमध्ये दुसऱ्याच कामासाठी गेले होते. कोपऱ्यात आमचा लेथ चालू होता. सेटिंगमध्ये सोळाशेच होते. त्यांनी गार्ड उघडून बिडाची पुली पाहिली आणि ते म्हणाले, ही चुकीची आहे, बदलून देतो.

तिथल्या ऑपरेटरने बदलू दिली नाही. म्हणाला, आवाज जाईल.