आणि मंडळी

"बाई किती?"

ऑफिसच्या पायरीवर चपला काढता काढताच त्यांचा हा प्रश्न आत यायचा. मग माझ्या टेबलावर पिशवी आपटायची आणि मागून काकू. मला त्या आवडत नसत, हे आधीच सांगून टाकतो. माणूस गेलं की त्याच्याबद्दल गोड बोलायचं, हे मला जमत नाही.

रत्नागिरीच्या बाजारात आमचं शेअर खरेदी-विक्रीचं दोन टेबलांचं ऑफिस आहे. पुढच्या टेबलावर मी, आतल्या टेबलावर कॉम्प्युटरपुढे बायको. बाहेर वडिलांच्या काळातली पाटी, त्यांचं नाव आणि पुढे 'आणि मंडळी'. काकू इथल्याच एका मासळीच्या कारखान्यात कारकून होत्या. निवृत्तीनंतर शेअर घ्यायला म्हणून आल्या आणि माझ्या डोक्यावर बसल्या.

मी एखादी चांगली कंपनी सुचवावी, तर त्या वार्षिक अहवालात आधी संचालकांचा फोटो शोधत.

"बाई किती?"

"एक आहे."

"कोण ती?"

"मालकांची सून."

"म्हणजे घरचीच. नको."

"काकू, शेअर घ्यायचाय की सोयरीक जमवायचीय?" मी एकदा चिडून विचारलं.

"सोयरीक तरी लोक चौकशी करून जमवतात रे मेल्या."

फोटोवर भागलं असतं तरी मी चालवून घेतलं असतं. त्या माझ्याच फोनवरून कंपन्यांच्या कचेऱ्यांत फोन लावत आणि विचारत, "तुमच्याकडची बाई बाळंतपणाहून परत आली की तिला तीच खुर्ची मिळते काय?" तिकडून फोन आपटला जाई. त्या पुन्हा लावत. तोवर माझी दोन गिऱ्हाइकं ताटकळून निघून जात. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. ते बरोबर बोलत असतं, म्हणून तर जास्त राग येतो.

एका कंपनीने मात्र रीतसर पत्र पाठवून उत्तर दिलं. काकूंनी तिचे शेअर घेतले आणि महिन्याभरात भाव कोसळला. मला मनापासून आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

"पडला की हो तुमचा शेअर!"

"पडू दे. उठेल." मग आतल्या टेबलाकडे बघत म्हणाल्या, "मुलगा झाला तेव्हा तीन महिन्यांनी मी कामावर गेले. बघते तर माझ्या खुर्चीत दुसराच. मीच शिकवलेला. पुढं तो साहेब झाला नि मी त्याला फायली नेऊन देत होते."

आवाज जरासुद्धा चढला नव्हता. मला वाईट वाटलं. मी चहा मागवला. तो सगळा पिऊन झाल्यावर साखर जास्त झाल्याचं त्यांनी सांगितलं.

मग एका सकाळी अहवाल न उघडताच त्यांनी विचारलं, "तुझ्याकडे बाई किती?"

"एक. आमची मंडळी," मी आत बोट दाखवलं.

"पाटीवरची ती हीच काय?"

मी हसलो. "पाटीवरची मंडळी म्हणजे कंपनी हो, काकू. बायको नव्हे."

"म्हणजे ही कंपनीत नाय? मग इतकी वर्षं काम कोण करतंय? काय गो, पगार देतो काय तुला हा?"

आतला कीबोर्ड थांबला. उत्तर मीच दिलं.

"तिला कसला पगार? ती घरचीच."

शब्द तोंडातून गेला तेव्हा कळलं. काकूंनी पिशवी उचलली.

"घरचीच. नको."

खातं दुसरीकडे न्यायचा अर्ज त्यांनी तिथल्या तिथे मागितला. तो बायकोने भरून दिला, सुवाच्य अक्षरात, माझ्याकडे न बघता. पुढे एकदा मांडवीच्या किनाऱ्यावर काकू समोरून आल्या. मी तोंड फिरवलं, त्यांनीही फिरवलं. गेल्या वर्षी त्या वारल्या. मी गेलो नाही. बायको गेली, मला न विचारता.

पाटी मी बदललेली नाही. का बदलू? पण परवा एक नवं गिऱ्हाईक ती वाचत आत आलं आणि सहज म्हणालं, "आणि मंडळी म्हणजे कोण हो?"

मी तोंड उघडायच्या आत आतल्या टेबलावरून आवाज आला.

"मी."