पिशव्या न सांभाळता पाहिलेलं व्हेरोना

व्हेरोनाला आम्ही तिघं जाणार होतो. आयत्या वेळी नवऱ्याच्या कारखान्यात ऑडिट निघालं, लेकीची क्लासेनफार्ट, म्हणजे शाळेची सहल, त्याच शुक्रवार-शनिवारी आली, आणि हॉटेलचं बुकिंग तर रद्द होत नव्हतं. मी तोंड पाडून बसले. लेक टोस्ट खाता खाता म्हणाली, "गे डोख आइनफाख अलाइन!" एकटीच जा की, त्यात काय. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं. मी म्हटलं, बरं, जाते.

जर्मनीत रेगेन्सबर्गला येऊन आम्हाला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत मी पुष्कळ हिंडले, पण एकटी कधीच नाही. आमच्या सहली म्हणजे चार मराठी कुटुंबं, चार डबे पुऱ्या, दोन डबे चिवडा, मुलांची जाकिटं, छत्र्या आणि पाण्याच्या बाटल्या. एवढा पसारा घेऊन मनोरा कोण चढणार? मग कुणीतरी खाली बसायचं. ती कुणीतरी म्हणजे मी. उल्मच्या चर्चचा मनोरा मी खालून पाहिला. कोलोनचं कॅथेड्रल बाकावर बसून, मान वर करून पाहिलं. वर गेलेली मंडळी लाल तोंडांनी, हसत खाली यायची आणि मी त्यांना पाणी द्यायचे. याचा राग मी नवऱ्यावर धरून होते. बोलून दाखवला नव्हता, पण धरून होते.

शुक्रवारी दिवसभर गाडीत बसून संध्याकाळी पोचले, जेवून झोपले. शनिवारी सकाळी साडेसातलाच रस्त्यावर. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय! दुकानांची शटरंसुद्धा उघडली नव्हती. पायाखालच्या संगमरवरी फरशा इतक्या गुळगुळीत, की मला चपला काढून चालावंसं वाटत होतं. एका रिकाम्या गल्लीच्या तोंडाशी मी लाल सिग्नलला थांबले. ना गाडी, ना माणूस. पाव घेऊन चाललेली एक आजी माझ्याकडे बघत बिनदिक्कत पलीकडे गेली. मी मात्र हिरवा होईपर्यंत उभी. जर्मनीने माझं काय करून ठेवलंय, ते मला तिथे कळलं.

दहा वाजायच्या आत आइस्क्रीम खाल्लं. पिस्त्याचं. अकराला आणखी एक खाल्लं. कुणी म्हणालं नाही, घसा बसेल. रोमन रिंगणात उन्हाने तापलेल्या दगडी पायऱ्यांवर मन मानेल तितका वेळ बसले. दगडी पुलावरून नदी पाहिली, पलीकडे गेले, पुन्हा पुलावर आले, कारण मला पुन्हा पाहायची होती! प्रेमिकांच्या त्या सुप्रसिद्ध बाल्कनीपुढची रांग पाहून मागे फिरले. कुणाला विचारावं लागलं नाही, की चालेल ना?

बाजारचौकातला विटांचा उंच बुरूज मात्र मी दिवसभर टाळत होते. साडेतीनशेच्या वर पायऱ्या. तीनदा त्याच्याखालून गेले आणि तीनदा काहीतरी निमित्त काढलं. शेवटी साडेतीनला मनाचा हिय्या करून तिकीट काढलं. पाचची गाडी होती, म्हणजे आता नाही तर कधीच नाही. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. "मजेत आहे रे, आता बुरुजावर चालले, नंतर करते," असं म्हणून ठेवला, तर शेजारी एक बाई हसत उभी.

"ताई, तुम्ही मराठी? किती बरं वाटलं हो! आम्ही झिंडेलफिंगेनचे, हे तिथे कार कंपनीत आहेत." मागे तिचा नवरा, दोन मुलं, आणि तीन बॅगा नि दोन पिशव्या. "जरा सामानाकडे बघाल का? हॉटेलची रूम अजून मिळाली नाहीये. अर्ध्या तासात आलोच. एरवी मीच बसते खाली."

"हो हो, जा ना, निवांत जा," मी म्हणाले.

जित्याची खोड! विचार करायच्या आधीच तोंडातून निघून गेलं. ते रांगेत गेले, मी पायरीवर बसले, आणि माझा हात आपोआप एका पिशवीच्या बंदात गेला. तो हात पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या हातात माझं तिकीट होतं. ही मंडळी उतरेपर्यंत माझी स्टेशनला निघायची वेळ झाली असती.

"अहो! ऐका!" मी ओरडले. सगळी रांग वळली. "माफ करा, मी नाही बसणार. मलाही वर जायचंय, आणि आजच."

त्या बाईचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "अय्या, सॉरी ताई! मग मी बसते ना. तुम्ही सगळे या जाऊन." मुलाच्या हातातली बाटली घेऊन ती सरळ पायरीकडे निघालीसुद्धा. इतक्या सवयीने, की मला तिचीच चीड आली.

"तुम्ही कशाला?" मी म्हटलं. "यजमान बसतील की."

आता मोठा वाद होणार, म्हणून मी पदर खोचून उभी. तो गृहस्थ म्हणाला, "मी? जा, बसतो की. प्रॉब्लेम काय त्यात?" आणि बसला! बॅगा जवळ ओढून घेत अगदी साधेपणाने म्हणाला, "हिने कधी सांगितलंच नाही हो. दरवेळी हीच पुढे होऊन म्हणते, मी बसते."

मला उल्म आठवलं. तिथे मला कुणी बस म्हणालं होतं का? नव्हतं. मीच सगळ्यांच्या आधी बाक पकडला होता. चांगली म्हणवून घ्यायची हौस माझी, आणि राग मात्र नवऱ्यावर.

मुलं पुढे पळाली, आम्ही दोघी मागून धापा टाकत. मधे लिफ्ट होती, तिच्याकडे आम्ही बघितलंही नाही. वर पोचलो तेव्हा वाऱ्याने माझा स्कार्फ तोंडावर आला. तो बाजूला केला, तर खाली सगळं गाव! कौलांमागून कौलं, त्यांना वळसा घालून गेलेली नदी, सकाळचं ते अवाढव्य रिंगण परातीएवढं. ती बाई कठडा घट्ट धरून म्हणाली, "ताई, फारच उंच आहे हो हे. पण खाली चला म्हणू नका हं."

मला इतका आनंद झाला होता, की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. नवऱ्याला फोन लावला. हॅलोसुद्धा न म्हणता मी म्हणाले, "पुढच्या सहलीत पिशव्या तू सांभाळायच्यास."

"बरं," तो म्हणाला. भांडण नाही, कारण विचारणं नाही. "वरून कसं दिसतंय?"

अकरा वर्षं हे मी इतरांना विचारत आले होते. मला कुणीतरी पहिल्यांदाच विचारलं होतं, आणि सांगायला तोंड उघडलं तर रडूच आलं.