धोंड्याचं जपानी घड्याळ

पोलिसांच्या नोकरीत तपासलेल्या बहुतेक चोऱ्या मी विसरलो आहे. राज्याच्या सीमेवरच्या, बेल्याच्या बाजूच्या एका मराठी गावातली चोरी मात्र अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे. चोरीला गेलं होतं जावयाचं घड्याळ.

अधिक महिना होता. गावातल्या कापूस व्यापाऱ्याने जावयाला धोंडा जेवायला बोलावून अनारशांबरोबर जपानी मनगटी घड्याळ दिलं. निळी तबकडी, बारीक काटे, कुठे खडे नाहीत की सोनेरी मुलामा नाही. त्या घरात आवाज न करता श्रीमंत दिसणारी तेवढी एकच वस्तू असावी. सासऱ्याला ते पुरेसं वाटलं नाही, म्हणून उघडी डबी पंगतीतून फिरवण्यात आली. दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळ गायब.

फिर्यादीत संशय एकाच माणसावर होता. घरातल्या मुलांची शिकवणी घेणारा, बौद्ध वस्तीतला तरुण. मराठी शाळेवर शिक्षक म्हणून त्याची निवड झाली होती. पोलिसांचा चारित्र्य अहवाल तेवढा बाकी होता. गुन्ह्यात नाव आलं की नोकरी गेली, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"कायद्यानं आपलं काम करावं साहेब, आमचं काई म्हननं नाई," व्यापारी म्हणाला. असं सांगणाऱ्या माणसाचं सहसा बरंच म्हणणं असतं.

तरुण त्याच पहाटे कागदपत्रांच्या पडताळणीसाठी राजधानीला, हैदराबादला गेला होता. फोन केला तर म्हणाला, काम आटोपून येतो. तो पळाला, असं गावाने ठरवून टाकलं. आठवड्याने तो बसमधून उतरून, घरीही न जाता, बॅगेसह थेट ठाण्यात आला. जबाबात एकदाही अडखळला नाही. तो समोर बसलेला असतानाच निनावी फोन आला: घड्याळ मास्तरच्या गोठ्यात आहे.

पंच घेऊन गेलो. जीप पाहून गाव जमलं. तरुणाची आई दारात उभी होती. गोठ्याच्या छपरात पिशवीत गुंडाळलेलं घड्याळ सापडलं. पंचनामा लिहिताना वेळ टाकायची म्हणून मी त्यातच पाहिलं. घड्याळ चालू होतं आणि वेळ बरोबर होती.

तबकडीवर बारीक अक्षरांत ऑटोमॅटिक लिहिलं होतं. अशा घड्याळात सेल नसतो. हाताच्या हालचालीने त्याला चावी बसते. काढून ठेवलं तर दीड-दोन दिवसांत बंद पडतं. म्हणजे काल-परवापर्यंत ते कुणाच्या तरी मनगटावर होतं. मास्तर तर आठवडाभर हैदराबादेत होता आणि परतल्यावर गोठ्याकडे फिरकलाही नव्हता.

मी कुणाला काही बोललो नाही. घड्याळ ठाण्याच्या कपाटात ठेवलं, बंद पडू दिलं आणि मग ओळख पटवायला व्यापाऱ्याच्या घरच्यांना बोलावलं.

व्यापारी म्हणाला, सेल गेला वाटते. जावयाने दुकानदाराला नावं ठेवली. व्यापाऱ्याचा धाकटा भाऊ जिनिंगचं, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीचं, सगळं काम बघायचा. तो मागे उभा होता. दोघांचं बोलणं असह्य झालं असावं. त्याने घड्याळ उचललं, आडवं धरून चार-पाच हलके झोके दिले आणि कानाला लावलं. सेकंदकाटा फिरू लागला.

"सेल नाई राहत दादा याच्यात," तो भावाला म्हणाला.

"तुमाले कसं मालूम?" मी विचारलं.

तो खाली बसला. मी बाकीच्यांना बाहेर पाठवलं. मग आवाज चढवायची गरज पडली नाही.

"जिनिंग मी सांबाळतो साहेब. धोंड्याचं घड्याळ मात्र जावयाले. चार दिवस घालून पाहू म्हटलं, खोलीचं दार लावून, न् बाहेर लांब बाहीच्या आत. परत ठेवनारच होतो. पन दादानं मास्तरचं नाव घेतलं, मले सोपं पडलं."

गोठ्याच्या छपरात घड्याळ त्यानेच खोचलं होतं. फोनही त्यानेच केला होता, जिनिंगमधल्या हमालाचा मोबाइल मागून.

संध्याकाळी व्यापारी एकटा आला. "घरचंच मानूस हाय साहेब, मिटवून टाका." कायद्याचं काम आता त्याच्या मते संपलं होतं. मी दोषारोपपत्र पाठवलं. पुढे घरच्यांनी कोर्टाच्या परवानगीने तडजोड केली, तो त्यांचा हक्क. मास्तरचा अहवाल मात्र मी त्याच दिवशी स्वच्छ लिहून पाठवला.

मग साध्या कपड्यांत, मोटरसायकलवरून, त्याच्या आईला सांगायला गेलो. वाटलं, माउली खूश होईल. तिने सगळं ऐकून घेतलं.

"झडती घ्याले आलते तवा सारं गाव जमा केलं तुमी," ती म्हणाली. "आता एकटेच काऊन आले?"

दुसऱ्या दिवशी गणवेश घालून, जीप घेऊन, त्याच पंचांसह त्याच दारात उभा राहिलो आणि मास्तर निर्दोष असल्याचं मोठ्याने सांगितलं. झडतीला जमले होते त्याच्या निम्मेही लोक आले नाहीत. चांगली बातमी ऐकायला माणसांना सवड कमी असते. पण मास्तरची आई डोक्यावर पदर घेऊन शेवटच्या वाक्यापर्यंत उभी होती.

पुढे निवृत्त होईपर्यंत, संशय खोटा ठरला की मी असाच जात असे, दिवसाउजेडी, पंच बरोबर घेऊन. कायद्यात तशी तरतूद नाही. मनाईही नाही.