एक्स-रेच्या दारातल्या अक्का

"एकटीच आत. बाकीचे अस्के बाहेर."

तंजावूरच्या आमच्या इस्पितळात अपघात विभागाशेजारी एक्स-रे काढणाऱ्या अक्का दारात हात आडवा धरून हे म्हणायच्या. अस्के म्हणजे सगळे. सासू असो, नवरा असो, हात खाली येत नसे. एकदा एक जण हटूनच बसला, मी हिचा नवरा आहे म्हणाला. अक्का म्हणाल्या, "असाल. मशीन नवरा ओळखत नाही."

तुम्हाला वाटेल, बाई खाष्ट. मलाही वाटलं होतं.

मी परभणीकडची, सातवीत शाळा सुटलेली. चांगल्या पगाराचं सांगून मुकादमाच्या बायकोनं मला आणि धाकट्या सुमीला इकडच्या सूतगिरणीत आणलं. फोन, आधार कार्ड तिच्याकडेच. गेटाबाहेर पाऊल नाही. मशीनमध्ये माझं उजवं मनगट मोडलं, तेव्हा इस्पितळातही तीच सोबत होती, माझ्या वाटचं सगळं तीच बोलत होती. अक्कांनी तिला दाराबाहेर ठेवलं.

आत, कपडे बदलायच्या आडोशाला एक सूचना चिकटवलेली होती, तमिळ आणि इंग्रजीत. मला काय कळणार? हात सरळ करताना मी "आई गं" केलं आणि अक्का थबकल्या.

"मराठी काय गे तू?"

अक्का मराठी राजांच्या काळापासून तंजावुरात राहिलेल्या घरातल्या; त्यांचं मराठी तमिळ हेलाचं, जुन्या वळणाचं, पण मला गाव भेटल्यासारखं झालं. मग त्या कागदावर बोट ठेवून त्यांनी एकेक ओळ मराठीत सांगितली. तुला कुणी कोंडून ठेवलंय का, तुझे कागद दुसऱ्याकडे आहेत का, असेल तर इथं सांग, नाहीतर या नंबरावर फोन कर.

सुमी गिरणीतच होती. मी बोलले आणि तिला दुसरीकडे हलवलं तर?

"आधी तिला आणा," एवढंच मला म्हणता आलं.

अक्कांनी त्या नंबरावर फोन लावून हळू आवाजात गिरणीचं नाव, सुमीचं नाव सांगितलं. मग दार किलकिलं करून बाहेर म्हणाल्या, फोटो हलला, परत काढायचाय. थोड्या वेळानं पुन्हा हलला. दुपारभर आमचा फोटो हलत राहिला, आणि मी टेबलावर बसून त्यांच्या डब्यातला दहीभात डाव्या हातानं खात होते. पोलीसबाई सुमीला हाताला धरून घेऊन आल्या, मुकादमिणीला गाडीत बसवलं, तेव्हाच अक्कांनी दार पुरतं उघडलं.

पुढं इथंच साफसफाईचं काम मला त्यांनीच लावून दिलं.

गेल्या वर्षी अक्का गेल्या. राजवाड्याजवळच्या गल्लीत त्यांच्या घरी आम्ही दोघी गेलो. ओसरीवरच्या एका आजोबांनी विचारलं, तुम्ही कोण? नात्यातली नाही, गोत्यातली नाही, काय सांगणार?

सुमी म्हणाली, "घरच्याच."

आजोबा जरा सरकले आणि चटईवर आम्हाला जागा करून दिली.